पारलिंगी आणि आंतरलिंगी : शरीर कोणाचं, निर्णय कोणाचा?

कोयनाकाठ | २७ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:१२

काल २६ ऑक्टोबर होता. जगात बऱ्याच ठिकाणी हा दिवस आंतरलिंगी लोकांविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. मी वाचते त्या मराठी पेपरांत त्यावर चार ओळीही नव्हत्या. ऑगस्टमध्ये मात्र पॅरिस ऑलिंपिक चालू असताना अल्जीरियाची महिला मुष्टियोद्धा इमान खलीफ हिच्याबद्दल आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर ढीगभर मजकूर फिरत होता. 'पुरुषाला बायकांच्या रिंगणात उतरवलं', 'ट्रान्सजेंडरला सुवर्णपदक' वगैरे. खलीफ मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली, तिच्या पासपोर्टवरही स्त्री असंच आहे. ती ट्रान्सजेंडर नाही. तिच्या शरीराबद्दल तर्क लढवणं हे आपलं काम नाही आणि या धाग्यावर ते कोणी करू नये अशी विनंती. पण त्या मजकुरातून एक गोष्ट दिसली. दोन अगदी वेगळ्या गोष्टींचा आपण एकच गोळा करून ठेवलाय, आणि त्याचा त्रास दोन्हीकडच्या माणसांना होतो. म्हणून हा धागा.

मी परिचारिका आहे, नवजात बाळांच्या विभागात बरीच वर्षं काम केलंय. जे लिहितेय ते त्या कामातून आणि वाचनातून.

पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर. जन्मल्यावर बाळाकडे बघून डॉक्टर किंवा सुईण सांगते 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बहुतेकांना पुढे मोठं होताना ते पटलेलंच असतं, त्यामुळे त्याचा विचारही करावा लागत नाही. काहींना मात्र लहानपणापासून किंवा वयात येताना ठाम कळत जातं की आपण ते नाही. मुलगा म्हणून वाढवलेली व्यक्ती मुळात स्त्री असते, मुलगी म्हणून वाढवलेली पुरुष असते, आणि काही जण दोन्ही चौकटींत बसत नाहीत. यांचं शरीर सहसा इतर कोणाहीसारखंच असतं, कुठलीही रक्ततपासणी करून ते 'सापडत' नाही. आणि हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या वर्गीकरणात तो मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून टाकला आहे.

आंतरलिंगी, म्हणजे इंटरसेक्स (काही जण मध्यलिंगीही म्हणतात). इथे वेगळेपण शरीराच्या घडणीत असतं. गर्भात पहिले सहा-सात आठवडे सगळ्यांची जनन-ग्रंथी सारखीच असते. पुढे गुणसूत्रं, त्यांवरची जनुकं, हार्मोन आणि त्या हार्मोनला दाद देणाऱ्या पेशी यांची लांबलचक साखळी चालते आणि शरीर एका बाजूला घडत जातं. त्या साखळीत कुठेही वेगळं काही झालं की शरीर पुस्तकातल्या दोन चित्रांपैकी एकाशीही तंतोतंत जुळत नाही. कधी ते जन्मताच दिसतं. कधी मुलगी पंधरा-सोळाची झाली तरी पाळी येत नाही म्हणून आई तिला दवाखान्यात नेते आणि कळतं की गुणसूत्रं एक्स-वाय आहेत, गर्भाशय नाही, वृषणं पोटात आहेत. ती मुलगी दिसायला मुलगीच असते, स्वतःला मुलगीच मानते. तिचं शरीर टेस्टोस्टेरॉन बनवतं, पण पेशी त्याला दादच देत नाहीत. कधी छोट्या मुलीच्या हर्नियाचं ऑपरेशन करताना सर्जनला ते अचानक कळतं. आणि कधी माणूस अख्खं आयुष्य काढतो, मुलंबाळं होत नाहीत म्हणून तपासणी होते तेव्हा समजतं.

किती लोक? संयुक्त राष्ट्रांच्या पत्रकांत ०.०५ ते १.७ टक्के असा पट्टा दिलेला असतो. कशाकशाला आंतरलिंगी म्हणायचं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, म्हणून तो इतका रुंद. आपल्या २०११ च्या जनगणनेत पुरुष-स्त्री सोडून 'इतर' म्हणून ४,८७,८०३ लोक नोंदले गेले, त्यातले महाराष्ट्रात ४०,८९१. त्यात आंतरलिंगी किती हे त्या आकड्यावरून काढता येत नाही, कारण रकाना एकच होता.

एक व्यक्ती आंतरलिंगी आणि पारलिंगी दोन्ही असू शकते. आंतरलिंगी बाळाला मुलगी ठरवलं आणि मोठेपणी तो पुरुष निघाला, असं होतं. पण बहुतेक आंतरलिंगी लोक स्वतःला सरळ पुरुष किंवा स्त्री म्हणवतात.

आपल्या बीड जिल्ह्यातली गोष्ट आठवा. माजलगावची महिला पोलीस शिपाई, २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी २०१८ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुरुष म्हणून नोकरी चालू राहिली. पुढे लग्न झालं, याच वर्षी बाप झाल्याची बातमीही आली. सगळ्या वाहिन्यांनी 'लिंगबदल' म्हणून ती चालवली. तपासणीत वाय गुणसूत्र सापडलं होतं हे त्याच बातम्यांत खाली कुठेतरी असायचं. म्हणजे जन्माच्या वेळी बघणाऱ्यांना कळलं नाही आणि मुलगी म्हणून नोंद झाली. एका माणसाला आपलं शरीर आणि आपली ओळख जुळवून घ्यायला रजेचा अर्ज, न्यायालय, मंत्रालय असा प्रवास करावा लागला. त्यात जो चिवटपणा लागला असेल त्याला माझा मनापासून नमस्कार.

आता माझा मुद्दा. या दोन गटांवर होणारा अन्याय उलट दिशांनी येतो. आंतरलिंगी बाळावर त्याला कळायच्या आत शस्त्रक्रिया उरकली जाते, कोणी त्याला विचारत नाही, कारण ते विचारायच्या वयाचंच नसतं. पारलिंगी व्यक्ती सज्ञान असते, स्वतःच्या तोंडाने मागत असते, तर तिला दारोदार फिरवलं जातं, 'नक्की का? घरचे काय म्हणतात? आधी लग्न करून बघ' असं ऐकवलं जातं. एकीकडे न विचारता कापतात, दुसरीकडे मागूनही देत नाहीत. दोन्हीकडे मुळात एकच गोष्ट डावलली जाते, ती म्हणजे ज्याचं शरीर त्याचा होकार. हक्कांची चर्चा करायची तर मला वाटतं इथून करावी, शौचालयं आणि आरक्षण नंतर.

तुमची मतं लिहा. भाषा जपून वापरा, वाचणाऱ्यांत अशी माणसं असतीलच.

---

मधुमालती | २७ ऑक्टोबर, रात्री १०:०५

छान लिहिलंय ताई. एक शंका. आम्हाला लहानपणी सांगितलं जायचं की हिजडे जन्मतःच 'तसे' असतात, आणि असं बाळ कुठे जन्मलं की ते येऊन घेऊन जातात. ते खरं का?

---

कोयनाकाठ | २७ ऑक्टोबर, रात्री १०:४८

मधुमालती, ही समजूत मी प्रसूतिगृहातही ऐकलीय, चांगल्या शिकलेल्या घरांतून. हिजडा समाजात काही आंतरलिंगी माणसं असतात, पण बहुसंख्य पारलिंगी स्त्रिया आहेत. म्हणजे ज्यांना घरी मुलगा म्हणून वाढवलं आणि बहुतेकींना किशोरवयात घर सोडावं लागलं. त्या गुरूकडे जातात, चेला होतात, घराण्यात सामावल्या जातात. रक्ताच्या घराने दार लावलं म्हणून दुसरं घर उभं राहिलं, मी त्याकडे असंच बघते. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे यल्लम्माला वाहिलेले जोगते आहेत, ती परंपरा आणखी वेगळी.

मुलं पळवण्याची गोष्ट कुठून पक्की झाली तेही बघा. इंग्रजांनी १८७१ मध्ये जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला त्याचा दुसरा भाग या समाजावर होता. मुलं पळवतात हाच संशय धरून त्यांची नावं पोलिसांच्या नोंदवहीत घालायची, बायकी कपडे घालून रस्त्यावर आल्या किंवा नाच-गाणं केलं तर अटक, घरात लहान मूल सापडलं तर शिक्षा. कायदा गेला, पण संशय राहिला.

आणि या समजुतीचा सगळ्यात वाईट परिणाम आंतरलिंगी बाळांवर होतो. 'ते घेऊन जातील' या भीतीने आई-बाप बाळ लपवतात. दवाखान्यात आणत नाहीत. आणलं तर 'लवकर काय ते करून टाका' म्हणतात.

---

डॉ. पारिजात | २८ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. लेख आवडला, पण एका ठिकाणी माझा आक्षेप आहे. 'न विचारता कापतात' हे वाक्य वाचून एखादा बाप घाबरून बाळाला दवाखान्यातच आणणार नाही, ही मला भीती वाटते.

जन्मताच बाह्य जननेंद्रियं स्पष्ट नसलेलं बाळ आलं तर आमच्या डोक्यात पहिला प्रश्न मुलगा की मुलगी हा नसतो. पहिला प्रश्न असतो सीएएच आहे का. कंजेनिटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींत एक विकर कमी असतं, त्यामुळे कॉर्टिसॉल तयार होत नाही आणि पुरुषी हार्मोन भरमसाट तयार होतात. साधारण १५ हजार जन्मांत एक. गुणसूत्रं एक्स-एक्स, गर्भाशय आणि बीजकोश व्यवस्थित, पण बाहेरून बाळ मुलासारखं दिसू शकतं. यातल्या बऱ्याच बाळांच्या शरीरातून मीठ निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, वजन घटणं, शरीर कोरडं पडणं, पोटॅशियम वाढणं, आणि ओळखलं नाही तर मृत्यू. मुलग्यांत हाच आजार असला तर बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे ते जास्त धोक्यात असतात. उपाय म्हणजे रोजची हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि थोडं मीठ. आयुष्यभर. ताप आला की डोस वाढवायचा. एवढं केलं तर ते मूल शाळेत जातं, खेळतं, मोठं होतं.

तेव्हा 'काही करू नका, मोठं होऊ द्या' हा सल्ला सरसकट देऊ नका. काही शस्त्रक्रियाही तातडीच्या असतात. लघवीचा मार्ग अडला असेल तर वाट बघता येत नाही.

दुसरं, आई-बापांवरचा दबाव तुम्ही बाहेरून बघता, आम्ही समोर बघतो. लंगोट बदलताना सासू, जाऊ, शेजारीण बघणार. बारशाला कोण उचलून घेणार, काय बोलणार. ते रडून म्हणतात, डॉक्टर, आत्ताच नीट करा. त्यांच्याशी तत्त्वावर बोलणं सोपं नसतं.

---

कोयनाकाठ | २८ ऑक्टोबर, दुपारी २:१५

डॉक्टर, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. सीएएचचं प्रत्येकाने वाचावं. जीव वाचवणारं औषध आणि लघवीचा मार्ग मोकळा करणं यावर माझं काहीच म्हणणं नाही, आणि जगातल्या आंतरलिंगी संघटनांचंही नाही. वाद आहे तो दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांवर. क्लिटोरिस मोठी दिसते म्हणून ती लहान करणं, किंवा पुढे कर्करोग होईल म्हणून पोटातली वृषणं बाळपणीच काढणं. काही प्रकारांत तो धोका खरोखर मोठा असतो, पण मी वर लिहिलेल्या पाळी न येणाऱ्या मुलीच्या प्रकारात वयात येण्याआधी तो फार कमी असतो. काढून टाकलं की स्वतःचं हार्मोन संपलं, मग जन्मभर गोळ्या. कापलेल्या जागी व्रण राहतो, संवेदना जाऊ शकते. ती परत देता येत नाही.

बारशाला येणाऱ्या बायकांची भीती मी अमान्य करत नाही. पण त्या भीतीचा उपाय बाळाच्या शरीरावर करायचा का, एवढंच विचारते. आई-बापांना त्या आठवड्यात समुपदेशकाची जास्त गरज असते, आणि तोच आपल्या बहुतेक दवाखान्यांत नसतो.

कायद्याने हे वेगळं करून दाखवलं आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये एका विवाहनोंदणीच्या प्रकरणात निकाल दिला. पारलिंगी स्त्रीही हिंदू विवाह कायद्यातली 'वधू' आहे असं सांगितलं आणि त्याच निकालात आंतरलिंगी अर्भकांवरच्या लिंग 'नीट' करण्याच्या शस्त्रक्रिया थांबवायला सांगितल्या. तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आदेश काढून जिवावर बेतलेले प्रसंग सोडून अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. माल्टा या चिमुकल्या देशाने २०१५ मध्येच हे केलं होतं. तामिळनाडूत जमलं ते महाराष्ट्रात का जमू नये?

---

अबोली_नाशिक | २८ ऑक्टोबर, रात्री ११:२०

मी पारलिंगी स्त्री. एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करते. इथे बरीच वर्षं फक्त वाचत होते, आज लिहिते.

'मागूनही देत नाहीत' हे बरोबर आहे, पण त्याच्या आधीचा टप्पा लिहायला हवा. आधी आम्हाला सिद्ध करावं लागतं. १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा नाल्सा निकाल आला तेव्हा मी कॉलेजात होते. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांनी लिहिलं की आपली लिंगओळख ठरवायचा हक्क त्या व्यक्तीचा, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. मी तो निकाल छापून घेतला होता आणि गादीखाली ठेवला होता. घरात कोणाला दाखवण्याची हिंमत नव्हती, पण देशाच्या न्यायालयाने मला माणूस म्हटलंय हे कागदावर जवळ असावं असं वाटायचं.

मग ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला, तो जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यात स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क लिहिला होता खरा, पण ती ओळख कागदावर यायची तर जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र. 'ट्रान्सजेंडर' अशी नोंद हवी असेल तर प्रतिज्ञापत्रावर मिळायची, तेव्हाच्या नियमांप्रमाणे वैद्यकीय तपासणी लागत नव्हती. पण 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशी नोंद हवी तर शस्त्रक्रिया करा, दवाखान्याच्या अधीक्षकांचा दाखला आणा आणि पुन्हा अर्ज करा. म्हणजे न्यायालयाने काढलेली अट कायद्याने मागच्या दाराने आणली. मला स्त्री लिहून हवं होतं. एका सरकारी कार्यालयात मला टेबलाटेबलावर पाठवलं गेलं, नियमात नसलेला वैद्यकीय दाखला मागितला, आणि एका माणसाने सगळ्यांसमोर विचारलं, 'खाली काय आहे?' तिथे लग्नाच्या दाखल्यासाठी आलेली जोडपी होती, त्यांना कोणी हे विचारत नव्हतं.

शिक्षांचं बघा. आमच्यावर लैंगिक अत्याचार झाला तर या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं. आमच्या शरीराची किंमत कायद्याने अशी लिहून ठेवली आहे.

आणि कोयनाकाठ ताई, तुम्ही दोन्ही वेगळं करून सांगितलंत याचे आभार. माझ्या आईने मला अनेक डॉक्टरांकडे नेलं, 'हिच्यात काही कमी असेल, सोनोग्राफी करा' म्हणून. सगळं 'नॉर्मल' आलं की ती खचायची. शरीरात काही सापडलं असतं तर तिने मला पोटाशी धरलं असतं, असं मला अजून वाटतं. शरीरातलं कारण सापडलं की दया मिळते, आणि मनातून कळलेलं सांगितलं की थेरं. हा फरकही लिहून ठेवते.

---

रानवारा | २९ ऑक्टोबर, पहाटे १:५०

अबोली, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहायला बसलो. मी त्या दुसऱ्या बाजूचा. शरीरात 'सापडलेला'.

दया मिळाली असं म्हणवत नाही. लहानपणी माझ्या शस्त्रक्रिया झाल्या, एकाहून जास्त. घरात त्यांना 'हर्नियाचं ऑपरेशन' म्हणायचे. दर सुट्टीत तपासणीला न्यायचे, मला टेबलावर झोपवायचे, आणि डॉक्टरांमागे विद्यार्थी उभे असायचे, ते एकेक करून बघायचे. मला कोणी कधी विचारलं नाही की एवढ्या लोकांनी बघितलेलं चालेल का. मोठेपणी जुने कागद मागायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं की इतके जुने कागद ठेवत नाहीत. माझ्या शरीरातून काय काढलं हे मला आजही पूर्ण माहीत नाही. रोज औषध घ्यावं लागतं ते कशाच्या बदल्यात, तेही अंदाजानेच.

मी पुरुष आहे. मला त्याबद्दल शंका नव्हती आणि नाही. मी ट्रान्सजेंडर नाही, पण २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येत आंतरलिंगी माणसं, हिजडा, किन्नर, अरावानी, जोगता सगळे एका ओळीत आहेत. आंतरलिंगी म्हणजे काय याची वेगळी व्याख्या कायद्यात दिली आहे, पण ती देऊन आमच्यासाठी काय केलं? बाळांवरच्या शस्त्रक्रियांबद्दल एक कलम नाही. कागद मिळण्याचा हक्क नाही. मला प्रमाणपत्र नको, मला माझी फाइल हवी आहे.

पारलिंगी लोकांच्या लढ्याबद्दल मला आदर आहे. आमच्यासाठी बोलायला आधी तेच उभे राहिले. पण आमचं वेगळं कलम हवं.

---

भास्कर_कुलकर्णी६१ | २९ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

रानवारा, तुमचं लेखन वाचून सुन्न झालो. तुम्हाला ती फाइल मिळायला हवी, यात दुमत नाही.

तरीही एक प्रश्न विचारतो, प्रामाणिकपणे. माझी पुतणी धावपटू आहे. तिच्या शर्यतीत जास्त टेस्टोस्टेरॉन असलेली मुलगी धावली तर तो अन्याय नाही का? दोन्ही बाजूंचे हक्क असतात. आणि स्वतः सांगेल ती ओळख मान्य करायची तर कोणीही काहीही सांगेल, त्याला आळा कसा?

---

कोयनाकाठ | २९ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

भास्करराव, पुतणीची काळजी रास्त आहे. उत्तर सरळ नाही, म्हणून जरा लांब लिहिते.

ओडिशाची द्युती चंद. विणकरांच्या घरातली मुलगी. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी तिला संघातून वगळलं, कारण तिच्या शरीरात नैसर्गिकपणे टेस्टोस्टेरॉन जास्त होतं. तिने काही घेतलं नव्हतं, कोणाला फसवलं नव्हतं. हार्मोन औषधाने किंवा शस्त्रक्रियेने खाली आण, नाहीतर धावू नकोस, असा पर्याय ठेवला. ती अठरा वर्षांची होती. ती क्रीडा लवादाकडे गेली, २०१५ मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला, कारण जास्त हार्मोनमुळे नेमका किती फायदा होतो याचा पुरेसा पुरावा जागतिक ॲथलेटिक्स महासंघाला देता आला नव्हता. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने दोन रौप्यपदकं आणली. पुढे महासंघाने नवे नियम आणले, वाद आजही चालू आहे. म्हणजे शास्त्र अजून ठरवतंय, आपण व्हॉट्सॲपवर निकाल देऊन मोकळे होतो.

द्युतीच्या आधी तामिळनाडूची शांती सौंदरराजन होती. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्य जिंकलं, लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतलं, आणि चाचणीची बातमी साऱ्या जगाला टीव्हीवरून कळली. दलित कुटुंबातली, वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-बापांची मुलगी. तिने नंतर जीव द्यायचा प्रयत्न केला, त्यातून वाचली आणि प्रशिक्षक झाली. स्पर्धेच्या न्याय्यतेचा नियम काय असावा यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकेल. पण अठरा-वीस वर्षांच्या मुलीचं शरीर चव्हाट्यावर मांडायचा हक्क कुठल्याही नियमाने कोणाला मिळत नाही, एवढं तरी आपण दोघं मान्य करू.

'कोणीही काहीही सांगेल' याबद्दल. अबोलीने काय काय सोसलं ते वर वाचलंत. कुठल्या फायद्यासाठी कोणी ते ओढवून घेईल?

---

न्यायपथ | २९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

वकिली करतो. आपल्या राज्यातलीच दोन प्रकरणं सांगतो.

जळगाव तालुक्यातलं भादली बुद्रुक. तिथल्या अंजली पाटील या पारलिंगी स्त्रीने ग्रामपंचायतीला महिला राखीव जागेतून अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो नाकारला. औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की तिने स्वतःची ओळख स्त्री अशी सांगितली आहे, अर्ज स्वीकारा. गावाने तिला निवडूनही दिलं. त्याआधी २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळच्या लोकांनी ज्ञानदेव कांबळे या पारलिंगी उमेदवाराला सरपंच केलं होतं. खेड्यांना मागास म्हणणाऱ्यांनी ही दोन गावं लक्षात ठेवावीत.

दुसरं, पोलीस भरती. २०२२ मध्ये ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री एवढेच पर्याय होते. पारलिंगी उमेदवार प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले आणि जिंकले. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं, तिथे डिसेंबरमध्ये न्यायालयाने कानउघाडणी केल्यावर अर्जात तिसरा पर्याय आला आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवायला मुदत घालून दिली. नाल्सा निकालाला तोवर आठ वर्षं झाली होती.

रानवारा, फाइलबद्दल. दवाखाना सरकारी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, 'नोंदी नष्ट केल्या' म्हणाले तर नष्ट केल्याची तारीख आणि आदेशाची प्रत मागा. शस्त्रक्रिया विभागाची नोंदवही वेगळी असते, ती स्वतंत्रपणे मागा. मसुदा मी करून देतो, पैसे नकोत, निरोप पाठवा.

---

रानवारा | २९ ऑक्टोबर, रात्री ८:०२

पाठवला. आभार.

---

नवा_सदस्य_७७ | ३० ऑक्टोबर, सकाळी ६:१५

हा धागा रात्रभर वाचला. माझ्या बहिणीला चार दिवसांपूर्वी बाळ झालं. डॉक्टर म्हणाले, मुलगा की मुलगी आत्ता सांगता येत नाही, रक्त पाठवलंय. भावजी कोणाशी बोलत नाहीत. बहिणीचे सासरे म्हणतात, पुण्याला नेऊन ऑपरेशन करून मोकळे व्हा. मी काय सांगू त्यांना?

---

डॉ. पारिजात | ३० ऑक्टोबर, सकाळी ६:४०

आधी हे करा. सोडियम, पोटॅशियम, साखर आणि १७-ओएचपी (सीएएच ओळखायची रक्ततपासणी) या तपासण्या पाठवल्या आहेत का ते आजच विचारा. १७-ओएचपीचा रिपोर्ट यायला वेळ लागू शकतो, तोवर सोडियम-पोटॅशियम पुन्हा पुन्हा बघायला सांगा, निदान दोन आठवड्यांचं होईपर्यंत. बाळाचं वजन रोज एकाच काट्यावर. दूध ओढत नसेल, उलट्या होत असतील, मलूल वाटलं तर रात्र असली तरी थेट दवाखाना. सीएएच निघालं तर औषध लगेच सुरू होतं. पुण्याला न्यायचं तर बालहार्मोनतज्ज्ञाकडे न्या, सर्जनकडे नंतर.

---

कोयनाकाठ | ३० ऑक्टोबर, सकाळी ७:०५

दादा, बहिणीजवळ बसा. तिला सांगा की तिच्या हातून गरोदरपणात काही चुकलेलं नाही, ग्रहण नाही, कोणाची नजर नाही. हे तिला सासरचं कोणी सांगणार नाही, म्हणून माहेरच्याने सांगायचं.

सासऱ्यांना म्हणा, तपासणीचे कागद आल्याशिवाय कुठल्याच ऑपरेशनच्या फॉर्मवर सही होणार नाही. ऑपरेशन सुचवलं तर तीन गोष्टी लेखी विचारा : आत्ता केलं नाही तर जिवाला काय धोका, पाच-दहा वर्षांनी केलं तर काय बिघडेल, आणि यात शरीरातला कुठला भाग कायमचा जाईल. आणि डिस्चार्जच्या वेळी सगळ्या कागदांच्या प्रती घ्या, एक संच तुमच्याकडे ठेवा.

बघायला येणाऱ्यांना 'बाळाच्या तपासण्या चालू आहेत, डॉक्टरांनी गर्दी नको सांगितलंय' एवढं पुरे. बारसं पुढे ढकलता येतं. तोवर किरणसारखं दोन्हींना चालणारं नाव घेऊन हाक मारा, 'ते' म्हणू नका. मुलगा की मुलगी म्हणून वाढवायचं ते निदान झाल्यावर डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल, त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही.

सोडियमचा आकडा आला की इथे लिहा किंवा मला निरोप करा. मी आज दुपारपाळीला आहे, दोनच्या आधी फोन बघते.